कायमचा सुटला

स्टेज मी बांधतो. त्यावर चढत नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात मी बिछायतीच्या कामावर आहे. बिछायत म्हणजे मंडप, सतरंज्या, खुर्च्या, पडदे, स्टेज, सगळं आलं. लग्न असो, बारसं असो की पुढाऱ्याचा सत्कार असो, आदल्या दिवशी टेम्पोतून उडी मारणारा पहिला गडी मी आणि दुसऱ्या दिवशी शेवटची सुतळी सोडणाराही मीच. कोणाला शाल मिळाली, कोण रुसून खाली उतरलं, हे सगळं मी मागून बघतो. पुढून स्टेज लय भारी दिसतं. मागे जाऊन बघा, रिकामे ड्रम, त्यावर फळ्या आणि फळ्या डुगडुगू नयेत म्हणून कोंबलेले विटांचे तुकडे.

या धंद्यात दारू मजुरीसोबतच येते. अंग ठणकतं, मालक स्वतःच म्हणतो घ्या रे थोडी. थोडी मी जन्मात कधी घेतली नाही. बायकोने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, माहेरी जाऊन पाहिलं. शेवटी वाशीमच्या दवाखान्यात रक्ताच्या उलट्या करत पडलो, तेव्हा किन्हीराजाची माझी आत्या उशाशी बसून म्हणाली, "काळ आला होता बापा, पन वेळ नोहती आली." डॉक्टर एवढं गोड बोलला नाही. तो म्हणाला, पुढच्या वेळी इथे आणायचीही गरज पडणार नाही.

माझी सासुरवाडी ख्रिस्ती. मालेगावात आमची छोटीशी मंडळी आहे, रविवारी एका पत्र्याच्या हॉलमध्ये उपासना असते. आधी बायको मला ओढून न्यायची आणि मी दारात चपला राखत बसायचो. दवाखान्यातून आल्यावर मात्र आपण होऊन आत गेलो, शेवटच्या सतरंजीवर टेकलो. आता खरं सांगतो, काही झालं नाही. उजेड नाही, आवाज नाही, अंगावर काटासुद्धा नाही. फक्त त्या दिवशी संध्याकाळ झाली आणि मी प्यालो नाही.

दारुड्याची संध्याकाळ ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. दिवस बुडायला लागला की आपल्या आतला कोणीतरी उठून चपला शोधायला लागतो. तेव्हा मी घरामागे नळाजवळ बसायचो आणि एकच म्हणायचो, देवा, आजची काढ, उद्याचं उद्या पाहू. आजची जायची आणि उद्याची यायची. किती संध्याकाळी झाल्या म्हणून लोक विचारतात. मी मोजत नाही. मोजायला लागलं की माज येतो, आणि माज आला की दारूची भट्टी लांब नसते.

मला दोन साळे, दोघंही बायकोचे मोठे भाऊ. थोरला मोटारसायकलचे पार्ट विकतो, धाकटा मोबाइलवर प्रार्थनेचे व्हिडिओ टाकतो. दोघंही मनाचे चांगले, दोघांनाही दम म्हणून नाही. एक दिवस आले ते शेलूबाजारच्या मोठ्या सभेचं घेऊनच आले. आजूबाजूच्या सगळ्या मंडळ्या जमणार, बाहेरचे पास्टर येणार, आणि मी स्टेजवर साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवाने आपलं काय केलं ते उभं राहून सांगायचं. आमच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या दर रविवारी देतात, गुडघा बरा झाला, हरवलेली शेळी सापडली. त्याचं मला काही वाटत नाही, ऐकायला गोडच लागतं. पण इथे माइक होता, लाइट होते, आणि धाकट्याचा मोबाइल होता.

"जवाई, बोलाच तुमी," थोरला म्हणाला. "दिवा लावून टोपल्याखाली ठेवते काय कोनी?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"काहून?"

आमच्याच मंडळीतला एक गवंडी माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याने दारू सोडली, याच लोकांनी त्याला सभेत उभा केला, हार घातला. आठवड्याच्या आत बाजारातली टवाळ पोरं त्याला 'साधूबावा' म्हणायला लागली, पैजा लावायला लागली. एका संध्याकाळी बिचारा घसरला. दुसरा कोणी घसरला असता तर रविवारी मान खाली घालून परत आला असता. याच्यासाठी साऱ्या जगाने टाळ्या वाजवलेल्या, हा कोणत्या तोंडाने येणार? हॉलच्या गल्लीतून जाणंही त्याने सोडलं. आज तो कुठे आहे, जिवंत आहे की नाही, आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नाही.

हे सगळं मी सांगितलं. धाकटा म्हणाला, "तुमच्या विश्वासातच खोट हाय."

माझं डोकं फिरलं. "येशूच्या भावाईनं बी त्याले हेच म्हणलं होतं," मी म्हणालो. "सणाले जा, लोकाईले दाखव, लपून काहून राह्यतं. तो म्हणाला, माही वेळ नाही आली."

"तुमी काय सोतःले येशू समजून राह्यले काय, जवाई?"

"नाही बावा, म्हून तं भेव लागते. त्याले आपली वेळ माहीत होती. मले तेही माहीत नाही."

ते चहा न पिता उठले. बायको चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती. मला वाटलं ती तरी माझ्या बाजूने बोलेल. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता सुरू केलं. "तुमी नालीत पडले राहे, तवा साऱ्या मालेगावनं पाह्यलं. उचलाले मी जाओ. लोकं हासत, मी खाली मान घालून तुमचा हात खांद्यावर घेओ. आता चांगले झाले तं ते कोनाले दिसू बी नाही? अवो, मले एक डाव चारचौघात मान वर करून बसायचं हाय. एवढं बी नाही देत तुमी?"

तिचं सगळं खरं होतं. मी नळाजवळ जाऊन बसलो, आणि त्या संध्याकाळी भट्टी नेहमीपेक्षा जवळ वाटली.

मी नाही म्हणालो हे साळ्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्याला पाहिजे तेच केलं. चार-पाच दिवसांनी सकाळी मी अंगणात दात घासत होतो, तर गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज. बघतो तर किन्हीराजाची आत्या, पदर सुटलेला, ऊर बडवत येतेय. "कसा गेला रे माह्या बापा, मले न सांगता कसा गेला!" मागे दोन-तीन बाया, त्याही रडायच्या बेतात. मी तोंडात फेस घेऊन तसाच उभा. आत्याने मला बघितलं, थबकली, जवळ येऊन माझा दंड दाबून पाहिला आणि खाडकन माझ्या कानाखाली वाजवली.

"मेल्या, जित्ता हायेस तं सांगता येत नाही?"

मग उलगडा झाला. साळ्यांनी माझा फ्लेक्स लावला होता, एक मालेगावच्या स्टँडजवळ आणि एक शेलूबाजारच्या चौकात. आमच्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर साधा माणूस दोनदाच चढतो, वाढदिवसाला नाहीतर मेल्यावर. माझा वाढदिवस मलाच माहीत नाही. त्यात फोटो माझ्या लग्नातला, पांढरा शर्ट, हात जोडलेले. आणि खाली हे एवढ्या मोठ्या अक्षरात, 'कायमचा सुटला!' त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात, दारूच्या बंधनातून, ऐका त्यांच्याच तोंडून. आता धावत्या एसटीतून मुंग्या कोण वाचणार? आणि 'सुटला' आपण कोणाला म्हणतो? खितपत पडलेला माणूस गेला की म्हणतो, सुटला बिचारा.

दिवसभर फोन वाजत होता. मंगरूळपीरहून एकाने विचारलं, "माती कितीक वाजता हाय?" मी म्हणालो, अजून ठरलं नाही, ठरलं की मीच कळवतो. त्याला आवाज ओळखीचा वाटला असावा, त्याने घाबरून फोन ठेवला. आत्यासुद्धा चहा घेऊन पोट धरून हसायला लागली. मीही हसलो. दुपारी स्टँडवर जाऊन तो फ्लेक्स डोळ्यांनी पाहिला आणि हसू पार आटलं. 'कायमचा' हा शब्द माझ्या फोटोखाली माझ्या डोक्याएवढा मोठा होता.

तसाच थोरल्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, तरी थांबलो नाही.

"सुटला लिवा, मेला लिवा, काही लिवा. 'कायमचा' कोनाले इचारून लिवलं?"

"विश्वासानं लिवलं, जवाई."

"मी आज संध्याकाळी पेलो तं मंग? विश्वासानंच पेला म्हणान काय?"

मालेगावचा फ्लेक्स त्याने उतरवला, शेलूबाजारचा नाही. म्हणाला, तिथे सभा आहे, तो राहू द्या, आणि तुमी वरतं या, देव शब्द देईन. मी येणार नाही म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली, आणि मला दिसलं की त्याने हेही ऐकलेलं नाही.

सभेच्या मंडपाचं काम आमच्याच मालकाकडे आलं. म्हणजे ज्या स्टेजवर मला चढवायचं होतं ते बांधायचंही मीच. सभेच्या दिवशी सकाळीच माल घेऊन शेलूबाजारला पोचलो, चौकातून जाताना मान खाली घातली तरी टेम्पोवाला म्हणालाच, "भाऊ, मस्त दिसून राह्यले." दुपार सरत आली तोवर मंडप उभा राहिला. पडद्याची शेवटची बल्ली, म्हणजे लाकडी खांब, उभी करायची होती. बुडाशी एक गडी खड्डा बुजवत होता आणि मी वरून बांधलेला दोर ताणून धरला होता. तेव्हा स्टेजच्या मागून माझा जुना जोडीदार आला.

जोडीदार म्हणजे पिण्यातला आणि कामातला, दोन्हीतला. बरीच वर्षं आम्ही एकाच टेम्पोत बसलो, एकाच ग्लासात प्यालो. मालकाने त्याला पिण्यापायीच काढलं होतं, तेव्हापासून तो शेलूबाजारच्या चौकात जीपांमध्ये सवाऱ्या भरून द्यायचा.

"मयताच्या हातचं स्टेज पाह्याले आलो," तो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "फोटो पाह्यला ना बे, तं खरंच वाटलं. रडलो तुह्या नावानं. मंग कोनी वाचून दाखवलं." कमरेतून त्याने पव्वा काढला, झाकण फिरवलं. "घे. तुह्या तेरवीची हाय."

वास आला. तो वास कसा येतो सांगू? नाकात येत नाही, पोटात येतो. दिवस कलला होता. माझ्या दोन्ही हातांत दोर होता, सोडला असता तर बल्ली खालच्या गड्याच्या डोक्यात पडली असती.

"जाय इथून," मी म्हणालो.

"कायले भेतं? तुले तं कायमचं जमलं ना? एका घोटानं काय होते?"

त्याने माझ्याच फ्लेक्सवरचा शब्द मला पाजायला काढला. माझ्या तोंडात पाणी सुटलं, हे मी लपवत नाही. देवा आजची काढ, एवढंही सुचेना, नुसतं देवा, देवा. दोर तळहाताला कापत होता आणि मी तो आणखी घट्ट धरला, कारण हात रिकामे झाले तर ते कुठे जातील हे मला पक्कं ठाऊक होतं. खालचा गडी खड्डा बुजवतच राहिला. जोडीदाराने माझ्याकडे बघत दोन घोट घेतले, उरलेला पव्वा स्टेजखाली, मागच्या पायऱ्यांजवळच्या ड्रमवर ठेवला आणि निघून गेला.

फेकून का दिला नाही, म्हणून बायकोने नंतर विचारलं. फेकायला तो हातात घ्यावा लागला असता.

सभा दिवेलागणीला सुरू झाली. बायका डाव्या अंगाला, पुरुष उजव्या. मी सगळ्यात मागे, खुर्च्यांच्या थप्पीला टेकून बसलो. गाणी झाली, प्रार्थना झाली. लोक डोळे मिटून हात वर करत होते आणि माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे तो ड्रम होता. मग थोरल्या साळ्याने माइक हातात घेतला.

"ज्याचा फोटो तुमी चौकात पाह्यला, तो माहा जवाई आता साक्ष देईन. या, जवाई."

टाळ्या पडल्या. मी उठलो नाही.

मी स्वतःला ओळखतो. वर गेलो असतो तर बोललोही असतो, चांगलंच बोललो असतो, मला बोलता येतं. लोक रडले असते. मग टाळ्यांच्या आवाजात मी मागच्या पायऱ्यांनी खाली उतरलो असतो, छाती फुगलेली, आणि हाताच्या अंतरावर ड्रम. मोठा झालेला माणूस म्हणतो, आता मला काय होतंय. सगळीकडे माझ्याच नावाचा जयजयकार आणि मी स्टेजखाली बसून पीत होतो, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की खुर्चीचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला.

"जवाई, या ना वरतं."

लोक माना वळवून शोधायला लागले. शेजारचा कुजबुजला, "पिऊन पडला असन कुठीसा." दुसरा हसला. बायकांमध्ये माझी बायको अर्धी उठून मागे बघत होती. आमची नजर भेटली. ती मान वर करून बसायला आली होती, आणि मी बसूनच राहिलो. तिने हळूहळू मान वळवली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला. तेवढं बघणं मला फार जड गेलं. त्या क्षणी कोणी माझं काळीज काढून सतरंजीवर ठेवलं असतं तरी मला कळलं नसतं.

साळ्याचा चेहरा उतरला. पाहुण्या पास्टरांनी माइक घेतला आणि गाणं सुरू केलं.

परतीच्या जीपमध्ये साळे पुढे बसले. बायको माझ्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "बाया इचारून राह्यल्या होत्या, पेला काय म्हून. मी म्हणलं नाही. कोनाले पटलं नाही."

"तुले?"

"मले माहीत हाय नाही पेले म्हून. पन लय राग आला मले तुमचा. लय."

मग मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं, जोडीदार, दोर, ड्रम. ती ऐकत राहिली. "आधी काहून नाही सांगतलं?" म्हणाली. मी म्हणालो, भेव वाटलं. जीप भरलेली असताना, भाऊ पुढे असताना, तिने माझा हात धरला. मालेगाव येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप सोडायला परत शेलूबाजार. पायऱ्यांजवळ गेलो तर ड्रमशेजारी जोडीदार मातीत बसलेला, गुडघे छातीशी घेऊन, डोळे तांबारलेले. पव्वा त्याच्या पुढ्यात होता, काल ठेवला तेवढाच भरलेला.

"काल मी इथंच बसलो होतो," तो म्हणाला. "पडद्याआड. म्हणलं, हा बोलून उतरते अन् घेते. तू घेतला असता ना, मी साऱ्या चौकात बोंबललो असतो. आला काहून नाही बे?"

"भेव लागते मले."

"तुले?"

"हो."

"मले वाटलं, तुहं झालं. वरतं जाऊन बसला तू."

"कुठचं वरतं? तुह्याच बाजूले बसून हावो मी. दिवस बुडला का अजून चपला शोधतो."

त्याने पव्व्याकडे पाहिलं. "रात्री मी बी नाही पेलो. तू येशीन म्हून वाट पाहत बसलो अन् राह्यलंच." त्याचे हात थडथड उडत होते, ते त्याने काखेत दाबले. "मंग करतं काय तू? दिवस बुडला का?"

मी दोर सोडणं थांबवलं आणि त्याच्यापुढे मातीत बसलो. नळ सांगितला, तलफ आली की गूळ-पाणी पितो ते सांगितलं, देवाशी काय बोलतो ते सांगितलं. ज्या दिवशी देवाला शिव्या दिल्या तेही सांगितलं. मालक तिकडून ओरडत होता, ओरडू दिला. ऐकणारा एकटा तो, टाळी वाजवायला त्याचे हात मोकळे नव्हते. सांगून झाल्यावर मी म्हणालो, उद्या तुला वाशीमला दवाखान्यात नेतो, आज माझ्याकडे ये.

"तुही घरवाली घरात घेईन मले?"

प्रश्न बरोबर होता. याच माणसाने मला कितीदा आमच्या दारात आणून टाकलं होतं, आणि बायकोने त्याला उभ्या गल्लीत शिव्या घातल्या होत्या. मी तिथूनच तिला फोन लावला. कोण येतंय, का येतंय, सांगितलं. मला वाटलं, ती फोन ठेवून देईल.

ती म्हणाली, "त्याले म्हणा, दिवस बुडायच्या आधी ये. अंधार पडला का तुमा लोकाईले घर दिसत नाही."